कामठा करणारे हात

एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याचा मिश्र सांघिक प्रकार खेळवला जाणार. मला मनापासून आनंद झाला. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेतेपद मिळवलं, ते याच धनुष्यावर. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. या पोरांना ऑलिंपिकचं दार उघडलं, हे योग्यच झालं.

त्याच वर्षी आमच्या सातपुड्यातल्या एका शालेय स्पर्धेतून घरी केलेल्या कामठ्याचा, म्हणजे बांबूच्या धनुष्याचा, गट काढून टाकण्यात आला. कारण दिलं गेलं की दोन कामठे कधी सारखे नसतात, मग गुणांची तुलना कशी करायची? हेच वाक्य मी नव्वदच्या दशकात ऐकलं होतं. तेव्हा त्याला उत्तर द्यायला पाड्यापाड्यावर कारागीर होते. आज ते विरळ झाले आहेत, म्हणून हा मागोवा.

सातपुड्याचा कामठा जुना आहे. १८५८ साली अंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्यासोबतचे भील तीरकामठे घेऊन इंग्रजी फौजेसमोर उभे राहिले. पुढे वनकायदे आले. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाडांत गणलं आणि घरामागच्या जंगलातली एक काठी तोडणं हा गुन्हा होऊन बसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली. ती थांबायलाच हवी होती, पण कामठ्याचं रोजचं काम तिच्याबरोबर संपलं. १९७३ मध्ये भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली, त्याची खबर आमच्या डोंगरात पोहोचायला आणखी पंधरा वर्षं गेली.

ती पोहोचवली लिंबा रामने. राजस्थानातल्या झाडोलकडचा हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर वाढला आणि १९८८ मध्ये श्यामलाल मीणा व संजीव सिंह यांच्यासोबत सोल ऑलिंपिकला गेला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी स्पर्धेत तीस मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन त्याने विश्वविक्रमाशी बरोबरी केली. मी त्या वेळी अक्राणी तालुक्यात शिक्षक होतो. नंदुरबार जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा कारभार धुळ्याहून चाले. लिंबा रामचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र वर्गाच्या भिंतीवर लागलं आणि पोरांनी घरचे कामठे शाळेत आणले. १९८८ ते १९९८ हे दशक आमच्या भागातल्या तिरंदाजीचं सर्वांत सच्चं दशक होतं, असं मी आजही ठामपणे म्हणतो. पोरांच्या हातातलं धनुष्य पोरांच्याच घरात तयार होत होतं, म्हणून ते सच्चं होतं.

नर्मदेच्या उतारावरच्या एका पाड्यातल्या, पावरा समाजाच्या एका बाबांना आम्ही शाळेत बोलावू लागलो. ते कामठा करायचे आणि पोरं भोवती बसायची. बाबा बोलत कमी, पण प्रत्येक कृतीमागचं कारण विचारलं की सांगत. बांबू ओढ्याकाठचा घ्यायचा नाही. तिथे तो भराभर वाढतो आणि आतून पोकळ राहतो. कोरड्या, खडकाळ उतारावरचा हळू वाढलेला बांबू जवळजवळ भरीव असतो, कामठ्याला तोच हवा. पहिल्या वर्षाचा कोवळा नको, दोन-तीन पावसाळे खाल्लेला पाहिजे. तोडायचा थंडीत, कारण त्या दिवसांत त्यात गोड रस कमी असतो आणि कीड लागत नाही. मग चुलीच्या वर आढ्याला टांगून धुरात वाळवायचा. उन्हात टाकलेला बांबू तडकतो.

वाळल्यावर कोयत्याने उभी फाक काढायची. पेरं मधल्या मुठीच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर यावीत, अशी फाक निवडायची. बांबूचे दाट, चिवट धागे सालीलगत असतात. कामठा ओढला की बाहेरच्या पाठीवर ताण येतो आणि आतल्या पोटावर दाब. म्हणून साल पाठीकडे ठेवायची आणि तिला पात्याचा धक्काही लागू द्यायचा नाही. तिथला एक धागा तुटला की कामठा तिथूनच फुटणार. तासायचं ते आतल्या अंगाने. वाकडी फाक निखाऱ्यावर शेकून गुडघ्यावर सरळ करायची.

यापुढचं काम खऱ्या कसबाचं. कामठ्याला दोरी लावून थोडंसं ओढायचं, डोळ्यांनी तोलायचं, उतरवायचं, पुन्हा तासायचं. जिथे वाकतो तिथे हात लावायचा नाही, जिथे ताठ राहतो तिथेच पातं फिरवायचं. एक बाजू जास्त तासली गेली तर दुसरी तिच्याइतकी उतरवावी लागते, आणि दोन्ही उतरवल्या की कामठ्याचा जोर जातो. काढलेली ढलपी परत चिकटवता येत नाही. बाबा काचेच्या तुकड्याने शेवटचा हात फिरवत, तेव्हा कागदाहून पातळ ढलप्या निघत आणि तेवढ्याने कामठ्याची चाल बदलत असे. दोरीही बांबूचीच, सालीलगतच्या अंगातून काढलेली सपाट पट्टी. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे कामठ्याचा जोर तिच्यात न मुरता तिराला मिळतो. काम संपलं की दोरी उतरवायची, नाहीतर कामठा वाकलेलाच बसतो आणि त्याचा दम जातो.

तीर कामठ्याप्रमाणे निवडायचा. साध्या कामठ्याला तीर ठेवायची खाच नसते. तीर मुठीच्या कडेने जातो, म्हणून सुटताना तो किंचित वाकून मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. जोरदार कामठ्याला ताठ तीर, हलक्याला लवचीक. आज महागड्या तिरांवर जो ताठपणाचा आकडा छापलेला असतो, तो आमची सातवीतली पोरं बोटांत तीर वाकवून ओळखत. बाण डावीकडे का गेला, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. धनुष्याचा प्रत्येक दोष त्यांनी स्वतःच्या हातांनी काढलेला असे.

आता जुना हिशेब. त्या दशकात आम्ही पोरांना घेऊन सपाटीवरच्या एका स्पर्धेला गेलो. तिथल्या एका पंचांनी कामठे हातात घेऊन ‘ही खेळणी कुठून आणलीत’ असं पोरांसमोर विचारलं. भारतीय प्रकारात तीस आणि पन्नास मीटरवर बांबूचं, नेमयंत्र नसलेलं धनुष्य चालतं, हे मी दाखवलं. त्यावर नियमात बसणारं धनुष्य दुकानात मिळतं असं उत्तर आलं. त्याच मैदानावर उद्घाटनाच्या भाषणात एकलव्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. एकलव्याच्या अंगठ्याबद्दल हळहळणाऱ्या या मंडळींना त्याचं धनुष्य कुणी केलं असेल, हा प्रश्न कधी पडला नाही. पोरांतल्या नेमाची पारख सगळ्यांनी केली. त्यांच्या आजोबांच्या कसबाची नोंद एकाही कागदावर झाली नाही.

दुसरा घाव मोठा होता. सरदार सरोवर धरणाचं पाणी १९९३ च्या पावसाळ्यात नर्मदाकाठच्या मणिबेलीत शिरलं आणि नंतर एकेका गावाला गिळत गेलं. कुटुंबं तळोद्याकडच्या सपाटीवर वसवली गेली, बाबांचं घरही त्यांत गेलं. तिथे काळी जमीन मिळाली, पण खडकाळ उतारावरचा भरीव बांबू नव्हता. विस्थापनाच्या यादीत घर, गोठा, झाडं मोजली गेली. कामठ्याच्या बांबूचं बेट आणि ते ओळखणारी नजर यांना कुठलाच रकाना नव्हता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या आणि आमचं ते दशक संपलं.

त्यानंतरची वर्षं मला झरझर ओलांडावीशी वाटतात. १९९६ मध्ये जमशेदपूरला टाटा तिरंदाजी अकादमी सुरू झाली होती. देशात ठिकठिकाणी केंद्रं निघाली, पदकं आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळाला. २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. बांबू मोकळा झाला खरा, पण तो तासणारे हात तोवर म्हातारे झाले होते आणि त्यांची नातवंडं दुकानातलं धनुष्य वापरत होती.

हे अटळ होतं असं मला कुणी सांगू नये. भूतानात तिरंदाजी राष्ट्रीय खेळ आहे. तिथे कंपाउंड धनुष्यही आलं, पण बांबूच्या पारंपरिक धनुष्याच्या स्पर्धा वेगळ्या भरतात. जपानमध्ये मियाकोनोजो शहरात क्यूदो या तिथल्या पारंपरिक तिरंदाजीची बांबूची धनुष्यं आजही हाताने घडवली जातात आणि त्या कसबाला सरकारी मान्यता आहे. दोन्ही देशांनी नवं धनुष्य नाकारलं नाही आणि जुन्याला हाकललंही नाही. दोन कामठे सारखे नसतात हा आक्षेपही तिथे कुणी घेत नाही. दोन तिरंदाज तरी कुठे सारखे असतात? आपला कामठा आपण ओळखणं हीच त्या खेळाची परीक्षा आहे.

कंपाउंडच्या सुवर्णपदकाची मीही वाट पाहतो आहे. माझं मागणं साधं आहे. आदिवासी तालुक्यांतल्या शालेय स्पर्धांत स्वतः केलेल्या कामठ्याचा गट परत सुरू करा आणि कामठा स्वतःच केला आहे याची परीक्षा मैदानावरच घ्या. आश्रमशाळांत कामठा करणाऱ्या माणसाला शिक्षकाच्या मानाने बोलवा आणि त्याला मानधन द्या. ज्या ग्रामसभांकडे वनहक्क आहेत त्यांनी कोरड्या उतारावरची बेटं कामठ्यासाठी राखावीत. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे काम जाणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना पुढच्या वर्षी नको, याच हिवाळ्यात शाळेत आणा. बांबू तोडायचे दिवसही तेच आहेत.