केशवाहिन्या आणि प्राणवायू : क्रोग यांचे गणित व त्याची दुरुस्ती

रोहिणीतून गेलेले रक्त नीलेतून परत येते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले; पण या दोहोंना जोडणारी वाट त्यांना दिसली नव्हती. १६६१ मध्ये मालपिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा सापडला. मात्र या वाहिन्यांतील प्राणवायू भोवतीच्या पेशींना पुरतो कसा, हा प्रश्न निराळाच होता.

रक्ताच्या वहनशक्तीचा हिशोब सोपा आहे. १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम हीमोग्लोबिन असते आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरतो. म्हणजे एकंदर २० मिलिलिटर. रक्तद्रवात नुसता विरघळलेला प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर भरतो. तथापि वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतो तो हा विरघळलेला अल्पांशच. हीमोग्लोबिनचा साठा त्याची तूट क्षणोक्षणी भरून काढीत असतो. पुढचा प्रवास केवळ विसरणाने होतो, आणि विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दसपट झाले की काळ शंभरपट! म्हणून वाहिनी किती रुंद आहे यापेक्षा ती पेशीच्या किती निकट आहे, यालाच येथे महत्त्व.

कोपनहेगन येथील ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये नेमके हे अंतर विचारात घेतले. प्रत्येक केशवाहिनीभोवती स्नायूचा एक दंडगोल कल्पून, त्याच्या कडेपर्यंत प्राणवायू पोचविण्यास किती दाबभेद लागेल याचे समीकरण त्यांना गणितज्ञ एरलांग यांनी मांडून दिले. (दूरध्वनी-वाहतुकीच्या गणितातील एरलांग ते हेच.) प्राण्यांच्या रक्तात शाई सोडून क्रोग यांनी वाहिन्या मोजल्या. विश्रांत स्नायूत थोड्याच भरलेल्या आढळल्या, श्रमलेल्या स्नायूत कितीतरी अधिक. श्रमाबरोबर मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात व अंतर घटते, हा त्यांचा निष्कर्ष. १९२० चे नोबेल पारितोषिक त्यांना केशवाहिन्यांच्या या नियमनाबद्दलच मिळाले.

विद्यार्थी हे चित्र आजही जसेच्या तसे पाठ करतात. ते दोन ठिकाणी सुधारून घ्यावयास हवे. डुलिंग व बर्न यांनी १९७० मध्ये सूक्ष्म विद्युदग्रांनी मोजून दाखविले की प्राणवायूचा दाब केशवाहिन्यांच्या अलीकडे, बारीक रोहिणिकांतच उतरू लागतो. तेव्हा देवघेव केवळ केशवाहिन्यांतच होते, असे म्हणता येत नाही. दुसरे असे की, पुढे जिवंत स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी वाहताना दिसल्या. श्रमकाळी प्रामुख्याने वाढते ती त्या पेशींची ये-जा.

म्हणजे ज्या नियमनासाठी पारितोषिक लाभले तेच आता शंकास्पद ठरले आहे. दंडगोलाचे गणित मात्र टिकून आहे. अंतर खरोखर घटते तेही श्रमानेच, पण ते काही मिनिटांत नव्हे. कित्येक आठवड्यांच्या नियमित व्यायामाने स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटतात, तेव्हा.