आकड्याला भुलू नका, उजेड बघा
पक्षी पाहण्याची दुर्बीण घेताना

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साठला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरांनी ही जागा आपलीशी केली. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील समावेश जाहीर झाला. हा मान मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा.

थंडी पडली की चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटेपासून हौशी मंडळी जमतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमच्या, जांभळी पाणकोंबडी अशी पाखरं बघायला लांबून लोक येतात. धुकं हटेपर्यंत गप्पा एकाच विषयावर, दुर्बिणीच्या. ‘तुमची आठची का दहाची?’ ‘जरा बघू द्या की!’ आपण जसे दुसऱ्याचा बैल किंवा नवा पंप निरखून बघतो, तसाच हा प्रकार.

या गप्पा आपल्या गावच्या पोरांनी लक्ष देऊन ऐकाव्यात. पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवणारी तरुण मंडळी आता गावात आहेत. त्यांच्या हातात चुकीची दुर्बीण पडली तर हंगामाची कमाई पाण्यात जाते आणि पाहुणाही नाराज होतो. ग्रामपंचायत किंवा शाळा खरेदी करणार असेल तर पैसा सगळ्या गावाचा. म्हणून थोडा खुलासा करतो.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसेल. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८० मीटरवरचे बदक आठ पटीच्या दुर्बिणीतून १० मीटरवर असल्यासारखे दिसते, दहा पटीच्या दुर्बिणीतून ८ मीटरवर. म्हणजे फरक फक्त दोन मीटरचा!

मग वीस पटीची घ्यावी, असे कुणालाही वाटेल. इथेच फसगत होते. चित्र जेवढे मोठे होते, तेवढा हाताचा कंपही मोठा होतो. वीस पटीत बदक नाचायला लागते. बारा पटीच्या पुढे तिवई लागतेच, असे समजून चाला.

दुसरी गोष्ट उजेडाची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात जातो. २०×५० मध्ये हाच झोत अडीच मिलिमीटरचा. भरदुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे फरक जाणवत नाही. दुकानात दुपारी बघितलेली दुर्बीण म्हणूनच झकास वाटते. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते. पाखरांची हालचालही त्याच वेळी जास्त. तेव्हा २०×५० मधून सगळे काळपट दिसते आणि ८×४२ मधून पंखावरचा हिरवा पट्टाही ओळखू येतो.

हौशी लोक काय तोलतात?

मनोऱ्यावर एखाद्याकडे ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्की कंपनीची दुर्बीण असते. किंमत लाखाच्या पुढे. याच कंपनीने २०२४ साली पक्ष्याचे नाव सांगणारी दुर्बीणही बाजारात आणली. तिच्याभोवती घोळका जमणारच! पण आपण कामापुरते बघू.

एक, दृश्याची रुंदी. स्वारोव्स्कीच्या एनएल प्युअर ८×४२ मधून १००० मीटरवर १५९ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. निकॉनच्या ॲक्युलॉन ८×४२ मधून १४० मीटरचा. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, रुंदीत एवढाच. रुंद पट्टा असला की उडते पाखरू चटकन सापडते. निकॉनच्याच मोनार्क एम५ मध्ये ८×४२ ला ११२ मीटर आणि १०×४२ ला ९८ मीटर मिळतात. पट वाढली की पट्टा आवळतो.

दोन, ठेवण. ज्या दुर्बिणीची पुढची भिंगे एकमेकांपासून लांब असतात, तिची ठेवण जुनी. कमी पैशात चांगले चित्र हीच देते. सरळ नळीची दुर्बीण हलकी आणि सुटसुटीत, पण चांगली बनवायला खर्च जास्त येतो.

तीन, ओल. ॲक्युलॉनचे चित्र चांगले, मात्र ती जलरोधक नाही. मोनार्कमध्ये आत नायट्रोजन भरलेला असतो, पाणी शिरत नाही आणि आतून धुके धरत नाही. नदीकाठी रोज फिरणाऱ्याने ही बाब जरूर बघावी.

चार, चष्मा. चष्मेवाल्याला डोळा भिंगापासून थोडा लांब ठेवावा लागतो. त्यासाठी किमान १५ मिलिमीटर अंतर चालेल अशी दुर्बीण हवी. मोनार्कमध्ये साडेएकोणीस मिळते, ॲक्युलॉनमध्ये बारा. पाहुणे सगळ्या वयाचे येतात, हे वाटाड्याने ध्यानात ठेवावे.

खरेदी आणि निगा

लालभडक चमकणारी भिंगे आणि पट कमी-जास्त होणारी स्वस्त दुर्बीण टाळावी. स्वस्त मालावर छापलेला आकडा खरा असेलच असेही नाही. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे बघा. डोळ्याकडील भिंगात उजेडाची चकती गोल आणि स्वच्छ दिसली पाहिजे. कडेला चौकोनी छाया दिसली तर माल हलका. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये, डोळा कायमचा जातो.

भिंगावरची धूळ उपरण्याने पुसू नका. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ कापड लावा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. द्राक्षावरच्या बुरशीला औषध आहे, भिंगात शिरलेलीला घरी उपाय नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून दुर्बीण ठेवावी.

शेतकऱ्याला उपयोग काय?

हरभऱ्यात घाटे अळीसाठी एकरी २० पक्षी थांबे लावावेत, अशी शिफारस आपण नेहमी करतो. थांबे लावतात सगळे, पण त्यावर बसतो कोण, हे फार थोडे बघतात. माणूस जवळ गेला की पाखरू उडते. बांधावर बसून दुर्बीण लावा. कोतवाल अळी कशी टिपतो, वेडा राघू हवेतला किडा कसा झेलतो, ते डोळ्यांनी दिसेल. द्राक्षबागेत बुलबुल आणि साळुंकी मणी फोडतात हे खरे. परंतु बागेत आलेले प्रत्येक पाखरू मण्यासाठीच येते असे नाही. फटाका वाजवण्याआधी कोण आहे ते बघून घ्यावे.

पाणथळीवरही तेच. थंडीतली बदके हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतात. जवळून बघण्याच्या हट्टापायी पाण्यात उतरलो की सारा थवा उठतो आणि खाऊन साठवलेली ताकद वाया घालवतो. चांगली दुर्बीण असली की पाखरू जिथल्या तिथे चरत राहते आणि पाहुण्याचेही समाधान होते.

तेव्हा नव्याने घेणाऱ्याने सरळ ८×४२ घ्यावी. लांबच्या बदकांसाठी ग्रामपंचायतीला ऐपत असेल तर तिवईवरची एक मोठी दुर्बीण मनोऱ्यासाठी घ्यावी, ती सगळ्यांना पुरते. आणि पैसे मोजण्याआधी एखाद्या पहाटे मनोऱ्यावर जावे, दोन-चार जणांची दुर्बीण मागून डोळ्याला लावून बघावी. हौशी माणूस नाही म्हणत नाही, उलट तासभर समजावून सांगतो.