गालिचा धुण्याचे यंत्र घेताना

सीबीडी बेलापूर हा नवी मुंबईतला कचेऱ्यांचा भाग. १९७० साली निघालेल्या सिडको या सरकारी कंपनीने तो वसवला. तेथे कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, बँका आहेत. जेथे मोठी कचेरी, तेथे गालिचा आलाच. अशा ठिकाणी गावची पोरे सफाईच्या कामाला जातात. चार पैसे गाठीला बांधले, की एखाद्याला वाटते, आपलेच यंत्र घ्यावे, आपणच काम धरावे. विचार चांगला आहे. पण कर्ज काढून नको ते यंत्र घेतले, तर यंत्र कोपऱ्यात पडते आणि हप्ता डोक्यावर बसतो! म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट धुळीची. गालिच्यातला बराचसा मळ म्हणजे कोरडी माती. मातीवर पाणी पडले की चिखल होतो. हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून आधी धूळ ओढून घ्यावी. हे काम व्हॅक्यूम क्लीनर करतो. तो घेताना ओले आणि कोरडे दोन्ही ओढणारा घ्यावा. नुसत्या कोरड्याच्या यंत्राने पाणी ओढू नये. मोटार जळेल, विजेचा झटकाही बसेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. गालिचा धुणाऱ्या यंत्राला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. त्याला दोन टाक्या असतात. एकीतले साबणाचे पाणी गालिच्यावर उडते. मळके पाणी ओढले जाऊन दुसरीत जमते. दुकानदार पाण्याचा जोर दाखवील. तुम्ही ओढ पाहा. दुकानातच एक तुकडा धुऊन घ्या. मग त्यावर कोरडे फडके दाबा. फडके चिंब झाले, तर ओढ कमी आहे असे समजा. लोकरीचा गालिचा कढत पाण्याने आटतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट वाळवण्याची. बेलापूर खाडीकाठी आहे. पावसाळ्यात तेथे हवाच ओली. गालिचा दिवसभरापेक्षा जास्त ओला राहिला, तर वास येतो, बुरशी धरते. मग मालक पैसे कापतो, पुढचे कामही जाते. म्हणून जमिनीलगत वारा सोडणारा ब्लोअर हवाच. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून शनिवार-रविवार सुट्टी असते. तेथे शनिवारी सकाळी काम धरावे, म्हणजे वाळायला सोमवारपर्यंत वेळ मिळतो.

चौथी गोष्ट विजेची. यंत्रावर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचा. वाचता येते ते अशा वेळी कामी येते! ६ अँपियरच्या लहान सॉकेटवर सुमारे १३०० वॅटपर्यंतच यंत्र चालते. त्याहून मोठ्याला १६ अँपियरचे सॉकेट लागते. काम घेण्याआधी जागेवर जाऊन सॉकेट पाहावे. तीन पिनांचाच प्लग वापरावा. तिसरी पिन अर्थिंगची. ती जीव वाचवते.

मग आधी काय घ्यावे? आमचे मत असे. आधी व्हॅक्यूम आणि ब्लोअर घ्यावा. एक्स्ट्रॅक्टर प्रथम भाड्याने आणावा. महिन्याला किती कामे मिळतात, ते वहीत लिहावे. भाड्याची रक्कम हप्त्याहून जास्त होऊ लागली, की मग खुशाल विकत घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे गालिच्याच्या धंद्यातही खरे आहे.