तापी-पूर्णाकांठचे आगंतुक शेतकरी

जळगांव जिल्ह्यांतील ज्या गांवास हल्लीं मुक्ताईनगर म्हणतात, तें जुन्या दप्तरांत एदलाबाद या नांवानें आढळतें. सबब कागद शोधणारानें प्रथम हें नांव ध्यानीं ठेवावें. या बाजूस, तसेंच रावेर, यावल व भुसावळ तालुक्यांत लेवा पाटीदार शेतकऱ्यांची दाट वस्ती आहे. आपले पूर्वज गुजराथेंतून आले, असें हा समाज परंपरेनें सांगतो. अशा आगमनाचीं कारणें, परिणाम व प्रमाणें यांचा विचार येथें करूं.

1601 सालीं असीरगड अकबराच्या हातीं पडून फारुकी राज्य संपलें आणि सुरत-बऱ्हाणपूर मार्ग एका सत्तेखालीं आला. 1630 च्या सुमारास गुजराथ व खानदेश यांवर घोर दुष्काळ कोसळला. त्या मार्गानें गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें त्याचें भयंकर वर्णन लिहून ठेविलें आहे. पुढें 1802 पासून स्वाऱ्या व दुष्काळ यांनीं खानदेश पुन्हां उजाड झाला. जमीन उत्तम, परंतु कसणारा नाहीं, अशी स्थिति येथें वारंवार आली.

अशीं गांवें वसविण्याचें साधन म्हणजे इस्ताव्याचा कौल. आरंभीं अल्प धारा, मग दरसाल चढता, व मुदतीअखेर पूर्ण आकार, असा तो करार असे. आगंतुक शेतकरी प्रथम 'उपरी' म्हणून नांदे. मिरासदाराचा वंशपरंपरेचा हक्क त्यास नसे. सरकारास वसूल व आगंतुकास जमीन मिळे. मात्र परागंदा झालेला जुना मालक परतला, म्हणजे तंटा उभा राही.

पुढें हे आगंतुक येथीलच झाले. 1861 ते 1865 या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत कापसाचे भाव चढले, व 1867 सालीं भुसावळवरून नागपुरापर्यंत रेल्वे गेली. या दोहोंनीं काळ्या जमिनीचें मोल वाढविलें. भोरगांव लेवा पंचायतीसारख्या संस्थेनें ज्ञातीचें ऐक्य राखिलें. भाषा मात्र मराठी झाली. 1952 सालीं छापलेलीं बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं याच समाजाच्या बोलींतलीं आहेत.

आतां प्रमाणांविषयीं. स्थलांतराचा मुख्य आधार म्हणून भाटांच्या वह्या पुढें केल्या जातात. वह्या पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतलेल्या असतात; त्यांतील पुरुषांचा क्रम उपयोगी पडतो, पण मूळ गांव व सन यांस समकालीन कागदाची जोड हवी. ती जोड कौल, लावणीपत्रक व तंट्याचा महजर यांतच मिळण्यासारखी आहे. संग्राहक शिक्क्याची सनद जपतात आणि बिनशिक्क्याचा कौल रद्दींत टाकतात. हतनूर धरणामुळें नदीकांठचीं कांहीं गांवें उठलीं. घरें हललीं, म्हणजे दप्तरेंही हलतात. कुणब्याच्या घरांतील मोडी रुमाल हातीं लागल्यास त्यांतील क्षुल्लक दिसणारा चिठोराही राखून ठेवावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे. ज्यांनीं नांगर धरून हा प्रांत पुन्हां वसविला, त्यांचा इतिहास त्याच चिठोऱ्यांत आहे.