सुईचा तास

माधवनगरच्या आमच्या घरात दोन घड्याळे होती. वडिलांचे घड्याळ म्हणजे कॉटन मिलचा भोंगा आणि आईचे म्हणजे सांगली आकाशवाणी. भोंगा झाला की वडील डबा उचलून निघायचे. सकाळचे भक्तिसंगीत संपले की आई आम्हाला शाळेसाठी हाका मारायची. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झालेले हे केंद्र बुधगाव, कवलापूर, तासगावच्या कित्येक घरांत मोठ्या माणसासारखे वावरत होते. निवेदक गाणे लावण्याआधी तीन नावे घ्यायचा: गीत अमक्याचे, संगीत तमक्याचे, स्वर आणखी कुणाचा. आम्हा पोरांना ती नावे जेवणाआधीच्या श्लोकासारखी वाटायची. एकदाची संपली की घास तोंडात. त्या तीन नावांमागे तीन वेगवेगळे हिशेब असतात हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. चौथा हिशेब, ज्याचे नाव निवेदक कधीच घ्यायचा नाही, तोच सगळ्यांत जाड: ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा.

हे कळायला निमित्त झाला भाचा. मिलचा भोंगा कधीच गेला, आणि आकाशवाणी आता फोनवरच्या ॲपमध्ये राहायला गेली आहे. त्याच फोनकडे बघत तो म्हणाला, ‘‘मामा, आपणच एक इंटरनेट रेडिओ काढू की. एक लॅपटॉप, एक बरा माइक आणि महिन्याचं सर्व्हरचं भाडं. पुण्या-मुंबईला गेलेली आपली सगळी माणसं ऐकतील.’’ एफएमसारखा परवानाही लागत नाही, कारण सरकारच्या मालकीच्या लहरी वापरायच्याच नसतात. मी म्हटले, ‘‘आधी गाण्यांचे पैसे कुणाला द्यायचे ते शोध.’’ तो दोन दिवसांत कंटाळला. मला मात्र त्याचे वेड लागले.

पहिली गोष्ट समजून घ्यावी लागली ती मोजणीची. मध्यम लहरीवर कवलापुरातल्या आणखी एका म्हाताऱ्याने रेडिओ लावला तर आकाशवाणीचा एक पैसाही जास्त खर्च होत नाही. तो म्हातारा ऐकतोय हे तिथे कुणाला कळतही नाही. इंटरनेटवर प्रत्येक ऐकणाऱ्याकडे स्वतंत्र धार जाते. विहिरीवर पाणी भरणे आणि घरोघरी मीटरचा नळ असणे, एवढा हा फरक आहे. कोण किती वेळ ऐकत होता हे सर्व्हरला नेमके ठाऊक असते आणि जे मोजता येते त्याचे बिल निघतेच.

या बिलाने पहिला मोठा दणका दिला तो अमेरिकेत. तिथला रिवाज गमतीचा आहे. जमिनीवरची एएम-एफएम केंद्रे गीतकार-संगीतकारांना पैसे देतात, पण ध्वनिमुद्रणाबद्दल गायकाला किंवा कंपनीला काहीही देत नाहीत. तेच गाणे इंटरनेटवरून सोडले की मात्र द्यावे लागतात. मार्च २००७ मध्ये तिथल्या रॉयल्टी मंडळाने दर लावला तो दर श्रोत्यामागे, दर गाण्यामागे: २००६ साठी ०.०८ सेंट, चढत चढत २०१० साठी ०.१९ सेंट. वाचताना हे चिल्लर वाटते. पण तासाला १५ गाणी आणि अहोरात्र १,००० श्रोते धरा. दिवसाला ६८४ डॉलर होतात आणि वर्षाला जवळजवळ अडीच लाख. हजार श्रोते म्हणजे आमच्या इथे एका बऱ्या कीर्तनाची गर्दी. २६ जून २००७ रोजी तिथल्या असंख्य इंटरनेट केंद्रांनी निषेध म्हणून दिवसभर मौन पाळले. पुढे संसदेने तडजोडीला वाट करून दिली, छोट्यांना काही वर्षे सवलत मिळाली. ती २०१५ अखेर संपली आणि हजारो हौशी केंद्रांना छप्पर देणारे लाइव्ह ३६५ जानेवारी २०१६ मध्ये बंद पडले. दुसऱ्या मालकाने ते पुढच्या वर्षी पुन्हा उभे केले, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे भांडण जुने आहे आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसापाशी होते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांवर त्यांचा रोष सर्वांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती नावाची गोष्ट. गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, ती फुकटची जाहिरात होते, असा आकाशवाणीचा आग्रह होता. निर्मात्यांनी चिडून प्रसारणाची परवानगीच काढून घेतली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी गेली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. म्हणजे गाणे वाजवणारा उपकार करतो की गाणे देणारा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. माझ्या मते तो आजही तिथेच उभा आहे.

खाजगी एफएम आले आणि वाद रुपयांत मोजला जाऊ लागला. या धंद्यातला एक शब्द मला फार आवडला: ‘नीडल अवर’, सुईचा तास. बडबड आणि जाहिराती वजा करून नुसते गाणे वाजले तो वेळ जोडत जायचे. साठ मिनिटे भरली की एक सुईचा तास झाला. ग्रामोफोनची सुई जाऊन जमाना झाला तरी हिशेब तिच्याच नावाने मांडला जातो. या तासामागे लावलेला दर रेडिओवाल्यांना परवडेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले आणि २५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट मंडळाने निकाल दिला की निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के द्या. सांगलीत ९१.१ वर वाजणारी रेडिओ सिटी ज्या कंपनीची, ती म्युझिक ब्रॉडकास्ट या लढाईत आघाडीवर होती.

मग आले २०१२. कॉपीराइट कायद्यात ‘३१ ड’ हे कलम आले आणि रेडिओ-टीव्हीला एक दार उघडले. प्रसारण केंद्राने नोटीस द्यायची, किती काळ आणि किती प्रदेशात वाजवणार ते कळवायचे, ठरवून दिलेला दर आगाऊ भरायचा आणि गाणे वाजवायचे. कंपनीला ‘नाही’ म्हणता येत नाही. याच कलमात एक अट आहे, जी वाचून मला सांगलीचे निवेदक आठवले: प्रसारणाबरोबर रचनाकार आणि प्रमुख कलाकार यांची नावे सांगितलीच पाहिजेत. आकाशवाणी जे सवयीने करत होती ते आता कायद्याने करायचे.

हे दार इंटरनेटला उघडे आहे का? ५ सप्टेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने परिपत्रक काढून सांगितले की आहे. त्या भरवशावर एअरटेलची विंक ही सेवा टिप्स कंपनीशी दराची बोलणी फिसकटल्यावर ‘३१ ड’च्या आधाराने उभी राहिली. २३ एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: कलमात रेडिओ आणि टीव्ही एवढेच आहे, इंटरनेट नाही, आणि सरकारी परिपत्रकाने कायदा वाढत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम केले. ज्या विंकने हा खटला लढवला तिचे दुकान २०२४ मध्ये मालकानेच आवरले. निकाल मात्र राहिला, आणि तो माझ्या भाच्यालाही लागू होतो.

याचा अर्थ असा. रेडिओ सिटीकडे हक्क आहे. स्पॉटिफाय किंवा जिओसावनसारख्यांकडे कंपन्यांशी करार करायला पैसा आणि वकील आहेत. माधवनगरच्या खोलीतल्या पोराकडे फक्त विनंती आहे. गीत-संगीताच्या बाजूने निदान एक खिडकी आहे, १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था. ध्वनिमुद्रणासाठी मात्र एकेक कंपनी गाठायची आणि ती सांगेल तो आकडा ऐकायचा. मी एका कंपनीला नम्र पत्र लिहिले होते. उत्तर आले, त्यात किमान हमी रक्कम होती. तेवढ्यात माधवनगरात एक जुनी रिक्षा येते. निकाल कायद्याच्या शब्दाला धरून आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. संसदेने इंटरनेटच्या छोट्या माणसासाठी वेगळी ओळ लिहायला हवी होती आणि ती अजून लिहिलेली नाही, हे मात्र खरे.

आता एकच उदाहरण घेतो, आमच्याच जिल्ह्यातले. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर. ‘गीतरामायण’ हे रेडिओचेच लेकरू: १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून, ५६ गीते, संगीत सुधीर फडके यांचे. कायद्याने शब्द आणि चाल यांची मालकी कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते, ध्वनिमुद्रणाची ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे, आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरीस मोकळे होतील. फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चाल २०६२ अखेरीस. एखादी जुनी तबकडी त्याआधी मोकळी झाली तरी तिच्यातली चाल मोकळी होत नाही. भाच्याला गीतरामायण कुणाला न विचारता वाजवायचे असेल तर १ जानेवारी २०६३ ची पहाट बघावी लागेल. तेव्हा तो माझ्याहून म्हातारा असेल.

गदिमांच्या आणि फडक्यांच्या वारसांना पैसे मिळावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरा प्रश्न पैसा पोचतो कुठे हा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयपीआरएस हरली. चित्रपटासाठी पैसे घेऊन रचना केली की प्रथम मालक निर्माता, असा तो निकाल. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडली आणि आपल्या कायद्यात गायकाला जागाच नाही याकडे बोट दाखवले. ही खंत लता मंगेशकरांनी आधीच भांडून मांडली होती. रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकाला वाटा हवा, हे त्यांचे म्हणणे. एकदा बिदागी घेतली की विषय संपला, हे मोहम्मद रफींचे. त्यावरून साठच्या दशकात काही वर्षे दोघांनी एकत्र गायलेच नाही. लताबाईंचे लहानपण सांगलीत गेले, वडिलांच्या नाटक कंपनीचे उतरते दिवस त्यांनी जवळून पाहिले होते. बिदागीवर जगणाऱ्या घराचे पुढे काय होते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

कलाकाराचा हक्क कायद्यात आला १९९४ मध्ये, रॉयल्टीचा स्पष्ट उल्लेख २०१२ मध्ये. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा वाटा काढून घेणारे करारही निष्फळ ठरवले. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी अडून बसले होते. गायकांची संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली. एफएम केंद्रांनी नुसत्या ध्वनिमुद्रणाचे पैसे देऊन भागणार नाही, शब्द आणि चालीचेही द्यावे लागतील, हे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. एवढे होईपर्यंत कॅसेटचा जमाना येऊन गेला.

माधवनगरपासून हाकेच्या अंतरावर कवलापूर आहे. काळू-बाळूंचे कवलापूर. त्या जुळ्या भावांची वगनाट्ये गावोगावच्या जत्रांत वाजलेली मी ऐकली आहेत, फड दुसरीकडेच असताना, नुसत्या कॅसेटवर. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, मागे झील धरणारे यांची नावे कॅसेटच्या कागदावर मावत नसत. सगळा तमाशा एका रात्रीच्या बिदागीत मुद्रित व्हायचा, ही त्या धंद्याची रीतच होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, चांगलेच झाले. ती सतार मुद्रणात वाजवणाऱ्याला अजून कोणत्या वहीत शोधायचे ते मला सापडलेले नाही. इंटरनेटवरच्या मोठ्या सेवांवर तर महिन्याची सगळी कमाई एका पोत्यात घालून ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच नाही. ‘चिल्लर वाटण्यात खर्च जातो,’ हे कारण. चिल्लर कुणाची, हे सांगायला नको.

तरीही वाजवता येण्यासारखे पुष्कळ आहे. नाटककार देवल १९१६ मध्ये गेले, त्यांचे ‘संगीत शारदा’ सगळ्यांचे झाले आहे. मिरजेच्या दर्ग्यात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मोकळ्या आहेत, बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या पुष्कळशा तबकड्याही. फक्त संगणकाला साल कळत नाही. मोकळी तबकडी चढवली तरी आपोआप चालणारी यंत्रणा तिच्यावर कुणाचा तरी दावा चिकटवते आणि मग आपणच पुरावे घेऊन दारोदार फिरायचे. दुसरी वाट सामुदायिक रेडिओची: १०० वॅटचे केंद्र, निम्मा मजकूर स्थानिक. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ आणि जत तालुक्यातल्या जालिहाळची ‘येरळावाणी’ त्या वाटेने गेल्या. पण तो परवाना संस्थेला मिळतो, एकट्या पोराला नाही.

भाच्याने शेवटी गाणी मागण्याचा नाद सोडला आणि गावातल्या भजनी मंडळाला गाठले. तुकोबांचे शब्द मोकळे, चाल परंपरेची. उरले फक्त गाणारे आणि मुद्रण करणारा. मुद्रण करणारा म्हणजे तो स्वतः, म्हणजे कायद्याच्या भाषेत तोच ‘कंपनी’. इंटरनेटवरून उतरवलेला एक करारनामा त्याने मला दाखवला. त्यात सगळे हक्क, सगळ्या काळासाठी, सगळ्या जगात त्याच्याकडे येत होते. ‘‘असाच असतो मामा, सगळ्यांचा,’’ तो म्हणाला. मी तो कागद ठेवून घेतला.

नवा कागद आम्ही दोघांनी वहीच्या पानावर लिहिला. पखवाज, टाळ, पेटी, पुढे म्हणणारा, मागे धरणारे नऊ जण, प्रत्येकाचे नाव आणि कधी उत्पन्न झालेच तर त्याचा वाटा. कलाकाराचा हक्क ५० वर्षे चालतो म्हणून वारसाचाही एक रकाना ठेवला. तो भरताना मंडळातल्या दोघांत थोडी बोलाचाली झाली, कारण मुलगा की सून हे घरी अजून ठरलेले नव्हते. सह्या झाल्या आहेत. पखवाजवाला मुलीकडे विट्याला गेला आहे, त्याची तेवढी राहिली आहे.