धूर नाही म्हणजे धोका नाही?

डिसेंबर उजाडला की कशेळ्याच्या आसपास, पेज नदीकाठी आणि कोठळीगडाच्या वाटेवर तंबू दिसू लागतात. रात्री बार्बेक्यू होतं, गाणी होतात, मग गारठा वाढतो आणि कुणीतरी उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी उचलून तंबूत नेतं. गेल्या हिवाळ्यात माझ्यासमोर हे झालं. आत दोन मुलं झोपलेली. मी अडवलं, तर उत्तर आलं, “अहो, धूर कुठे आहे? नुसते निखारे आहेत.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. लाकडातला धूर देणारा भाग कोळसा तयार होतानाच निघून गेलेला असतो. म्हणून कोळशाला धूर नसतो. पण लालबुंद निखारा अर्धवट जळत असतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांवरून निदान काहीतरी बिनसलंय एवढं ओळखतो. झोपलेला उठतच नाही.

‘एवढ्याशा शेगडीनं काय होतंय?’ म्हणणाऱ्यांनी जानेवारी 2020 आठवावा. नेपाळमध्ये दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत दगावले. त्यात चार मुलं होती. खोलीत गॅसचा हीटर चालू होता आणि दारं-खिडक्या आतून बंद होत्या. तंबू तर खोलीपेक्षा किती लहान! गाडीची किंवा बोटीची केबिनही तशीच.

‘चेन थोडी उघडी ठेवली होती’ हेही चालत नाही. हवा खेळायला खाली एक आणि वर एक अशा दोन वाटा लागतात, आणि त्या असल्या तरी पेटती शेगडी आत नकोच. पाण्याची वाटी ठेवूनही उपयोग नाही, हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. तो जड असतो, खाली बसतो, म्हणून खाटेवर झोपावं, हेही खोटं. तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि सगळीकडे सारखा मिसळतो.

सकाळी छतावरून टपकणारं पाणी म्हणजे तंबू गळत नसतो. ते तुमच्याच श्वासातलं बाष्प असतं. हवा कोंडली होती याची ती खूण. आणि रात्री झाडाखाली झोपल्यानं कुणी गुदमरत नाही. झाडापेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

कोरोनापासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भारलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, आकडा 98 दिसू शकतो. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना शेगडी पेटती होती हे आठवणीने सांगा.

राखेखालचा निखारा पहाटेपर्यंत जिवंत राहतो. झोपण्याआधी शेगडी तंबूपासून दूर न्या आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओता. थंडी वाजली तर आणखी एक घोंगडी घ्या.