नवागतांचे ग्रंथालय, नवागतांचे संग्रहालय
लेखमाला : शहर आणि संस्कृती — लेखांक ५

ग्रंथालये, संग्रहालये, अभिलेखागारे आणि नाट्यगृहे यांसारख्या सार्वजनिक संस्था सर्व नागरिकांच्या करातून चालतात. त्यांतील बहुतेकांची घडण मात्र एका विशिष्ट समाजाला समोर ठेवून झाली. एकोणिसाव्या शतकात युरोपभर उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे काम राष्ट्राचा वारसा एकसंध स्वरूपात मांडण्याचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतील मजूर, जुन्या वसाहतींतील रहिवासी आणि निर्वासित मोठ्या संख्येने पश्चिम युरोपच्या शहरांत आले. ते कर भरू लागले, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली. पण शहराच्या संग्रहालयात त्यांचा मागमूस नव्हता आणि ग्रंथालयात त्यांच्या भाषेतील पुस्तक नव्हते.

या परिस्थितीला राज्यसंस्थांनी तीन प्रकारे उत्तर दिले. पहिला मार्ग विलीनीकरणाचा : नवागताने यजमान समाजाची भाषा व रीत स्वीकारावी आणि संस्थांनी आहे तशाच राहावे. दुसरा बहुसंस्कृतिवादाचा. कॅनडाने १९७१ मध्ये तो अधिकृत धोरण म्हणून जाहीर केला आणि १९८८ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले. प्रत्येक समूहाला आपली संस्कृती जपण्याचा हक्क असून राज्याने त्याला साहाय्य करावे, ही त्यामागची भूमिका. समूह शेजारी राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत, असा आक्षेप या मार्गावर पुढे घेतला गेला. त्यातून आंतरसांस्कृतिक संवादाचा तिसरा विचार आला. युरोप परिषदेने २००८ मध्ये त्यावर श्वेतपत्रिका काढली. संस्कृती जपणे आणि संस्कृतींची गाठ घालून देणे ही दोन्ही कामे सार्वजनिक संस्थांची आहेत, असा त्याचा आशय आहे.

धोरण कोणतेही असो, प्रत्यक्ष संस्थेत स्थलांतरितांचा सहभाग चार पायऱ्यांनी वाढतो : प्रवेश, संग्रह, कथन आणि निर्णय. प्रत्येक पायरीवर संस्थेला आपल्या हातातले काहीतरी सोडावे लागते, आणि वर जावे तसे ते सोडणे अवघड होत जाते.

प्रवेश : भाषा आणि रोजची गरज

दार सर्वांना उघडे असले म्हणजे सर्व जण आत येतात असे नाही. भाषा न समजणे, कागदपत्रांची भीती, कामाच्या वेळा आणि ‘ही जागा आपल्यासाठी नाही’ ही भावना या चार गोष्टी नवागताला उंबऱ्यावरच थांबवतात. हा उंबरा ओलांडून देण्यात सार्वजनिक ग्रंथालये सर्वांत पुढे राहिली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात सुमारे निम्मे रहिवासी परदेशांत जन्मलेले आहेत. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाने १९७७ मध्ये नव्या अमेरिकनांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्याचे तीन भाग होते : रहिवाशांच्या मातृभाषांतील पुस्तके, नव्या देशात निभावण्यासाठी लागणारी माहिती आणि सांस्कृतिक कार्यक्रम. त्याच्या जोडीला ग्रंथालयाने इंग्रजीचे वर्गही चालवले.

या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. सर्व शाखांत सारखी पुस्तके ठेवण्याऐवजी जनगणनेची आकडेवारी पाहून कोणत्या शाखेत कोणती भाषा हवी हे ठरवले जाते. फ्लशिंगमध्ये चिनी आणि कोरियन, तर जॅक्सन हाइट्समध्ये स्पॅनिश आणि बंगाली वाचकांचा विचार प्रथम होतो. वस्ती बदलली की संग्रहही बदलतो. नोकरीचा अर्ज, नागरिकत्वाची परीक्षा किंवा मुलांची शाळा अशा कामांसाठी ग्रंथालयात आलेला माणूस पुढे वाचक होतो, हा या योजनेचा पाया आहे.

स्वीडनने हीच जबाबदारी कायद्यात लिहिली. २०१४ पासून लागू झालेल्या तेथील ग्रंथालय कायद्यानुसार, ज्यांची मातृभाषा स्वीडिश नाही अशा वाचकांकडे सार्वजनिक ग्रंथालयांनी विशेष लक्ष पुरवणे आवश्यक आहे. लहान गावाला प्रत्येक भाषेतील पुस्तके विकत घेणे परवडत नाही. त्यामुळे मध्यवर्ती बहुभाषिक संग्रहातून पुस्तके गावोगावी पाठवण्याची व्यवस्था उत्तर युरोपात रूढ झाली. सार्वजनिक सेवेत अनेक भाषांना जागा देण्याची कल्पना महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठीसह आठ माध्यमांतून चालत आल्या आहेत, आणि त्यांत तमिळ, तेलुगू व कन्नड यांचा समावेश आहे.

संग्रह : काय जपायचे

दुसऱ्या पायरीवर संस्थेला आपली तिजोरी तपासावी लागते. स्थलांतरित माणूस सहसा थोड्या सामानानिशी येतो, आणि ते सामान संग्रहालयाच्या जुन्या निकषांत बसत नाही. त्याला कलामूल्य नसते आणि ते फारसे जुनेही नसते. पॅरिसच्या स्थलांतर इतिहास संग्रहालयाने त्यासाठी ‘देणगी दालन’ केले. स्थलांतरितांनी किंवा त्यांच्या मुलानातवंडांनी दिलेली एखादी घरगुती वस्तू, छायाचित्र वा कागद तेथे तिच्यामागच्या जीवनकथेसह मांडला जाई. वस्तू निवडण्याचा हक्क त्यामुळे काही अंशी देणाऱ्याकडे गेला.

या संग्रहालयाची कथा विविधतेच्या व्यवस्थापनातील सगळे ताण दाखवते. ते पॅले द ला पोर्त दोरे या वास्तूत आहे. ही इमारत १९३१ च्या वसाहत प्रदर्शनासाठी बांधली गेली. वसाहतींची संपत्ती फ्रान्सकडे वाहत असल्याची शिल्पे तिच्या दर्शनी भिंतीवर आजही आहेत. ज्यांच्या पूर्वजांवर राज्य केल्याचा गौरव ही भिंत सांगते, त्यांच्याच वंशजांचा इतिहास आत मांडायचा होता. २००७ मध्ये सरकारने ‘स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख’ या नावाचे मंत्रालय काढले, तेव्हा नियोजनात सहभागी असलेल्या आठ इतिहासकारांनी निषेध म्हणून आपली पदे सोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संग्रहालय गाजावाजा न करता उघडले. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन होण्यासाठी डिसेंबर २०१४ उजाडावा लागला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१० पासून पुढचे काही महिने, कागदपत्रे नसलेल्या परदेशी कामगारांनी या इमारतीतच ठिय्या दिला. इतिहास म्हणून दालनात मांडलेले स्थलांतर वर्तमान होऊन आत आले होते. स्थलांतराचे संग्रहालय राजकारणापासून अलिप्त राहू शकत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. तेथील कायमस्वरूपी प्रदर्शन २०२३ मध्ये नव्याने मांडले गेले.

कथन : कोण सांगणार

संग्रह तोच ठेवूनही सांगणारा बदलता येतो. बर्लिनमधील ‘मुलतका’ प्रकल्प याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. २०१५ मध्ये जर्मनीत सुमारे ८,९०,००० आश्रयार्थी आले, त्यांत सीरियन सर्वाधिक होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनच्या चार संग्रहालयांनी सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण दिले. इस्लामी कला संग्रहालय, प्राचीन पश्चिम आशियाचे संग्रहालय, बोडे संग्रहालय आणि जर्मन इतिहास संग्रहालय ही ती चार. हे मार्गदर्शक आपल्या देशबांधवांना अरबी भाषेतून विनामूल्य फेरी घडवू लागले.

बॅबिलोनचे इश्तार द्वार आणि अलेप्पोच्या एका व्यापाऱ्याच्या घरातील सतराव्या शतकारंभीची रंगीत लाकडी खोली यांपैकी पहिल्या दोन संग्रहालयांच्या वास्तूत, पेर्गामोन संग्रहालयात आहे. मायदेशात युद्ध चालू असताना परक्या शहरात आपला वारसा सन्मानाने ठेवलेला पाहणे निर्वासितांसाठी आधाराचे होते. हा वारसा येथे कसा आला, हा अवघड प्रश्नही त्याच फेरीत विचारला जाई, आणि त्याची चर्चा टाळली जात नसे. जर्मन इतिहास संग्रहालयातील फेरीला वेगळे महत्त्व होते. १९४५ मध्ये बेचिराख झालेली शहरे पुन्हा उभी राहिल्याचा पुरावा तेथे समोर असे. उद्ध्वस्त अलेप्पोतून आलेल्या माणसाला जर्मनीचा इतिहास यापेक्षा जवळून भेटणे कठीण होते.

प्रकल्पाचे यश त्याच्या रचनेत आहे. निर्वासित येथे मदत घेणारे न राहता जाणकार म्हणून उभे राहिले. संग्रहालयाला आपल्याच वस्तूंविषयी नवे प्रश्न मिळाले. ऑक्सफर्ड आणि बर्न येथील संग्रहालयांनी पुढे हीच पद्धत आपापल्या परीने स्वीकारली.

निर्णय : खुर्ची कोणाची

चौथ्या पायरीवर प्रश्न अधिकाराचा असतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १९८६ मध्ये स्थलांतर संग्रहालय सुरू झाले. त्यात एक दालन समाजगटांच्या स्वाधीन केले आहे. विषय आणि वस्तू समाजगट ठरवतो, तर मांडणीचे तांत्रिक साहाय्य संग्रहालयाचे कर्मचारी देतात. युरोपीय वसाहतीमुळे मूळ रहिवाशांवर ओढवलेल्या संकटाचे कथनही तेथे आहे, त्यामुळे ‘सगळेच येथे बाहेरून आले’ अशी सोयीची मांडणी टळते.

दालन देणे तुलनेने सोपे आहे. विश्वस्त मंडळ, खरेदी समिती आणि नोकरभरती यांत जागा देणे कठीण. स्थलांतरित बहुधा स्वयंसेवक, पाहुणे किंवा मुदतीच्या करारावरचे कर्मचारी असतात. कायम पदांसाठी स्थानिक पदवीची अट असते आणि बाहेरची पात्रता मानली जात नाही. ही अट बदलल्याखेरीज पहिल्या तीन पायऱ्यांवरचे काम एखाद्या उत्साही अधिकाऱ्यावर अवलंबून राहते आणि त्याच्या बदलीबरोबर थांबते.

अडचणी आणि कसोट्या

या कामात चार दोष वारंवार आढळतात. पहिला उत्सवी सहभागाचा : वर्षातून एक दिवस नाच, गाणे आणि खाद्यपदार्थ, उरलेले वर्ष कोरे. दुसरा कोंडीचा : सीरियन चित्रकाराने सीरियावरच चित्र काढावे अशी अपेक्षा ठेवली की त्याची कला मागे पडते आणि त्याचे मूळ तेवढे उरते. तिसरा प्रतिनिधित्वाचा : समाजगटात जात, पंथ, वर्ग आणि पिढ्यांचे भेद असतात, आणि संस्थेशी बोलायला बहुधा त्यातील वजनदार पुरुष पुढे येतात. स्त्रिया, तरुण आणि गटातील अल्पसंख्य यांच्यापर्यंत संस्थेला स्वतंत्रपणे पोहोचावे लागते. चौथा दोष पैशाचा. बरीचशी कामे दोन-तीन वर्षांच्या प्रकल्प अनुदानावर चालतात. विश्वास जुळायलाच तेवढा काळ जातो, आणि तो जुळतो तोवर अनुदान संपते.

म्हणून अशा संस्थेचे मूल्यमापन केवळ प्रेक्षकसंख्येवर करता येत नाही. बहुभाषिक पुस्तकांची खरेदी नियमित अंदाजपत्रकातून होते का, नोंदवहीत स्थलांतरितांच्या वस्तू कायम संग्रह म्हणून दाखल होतात का, माहितीफलकाचा मजकूर ठरवताना त्यांचे मत घेतले जाते का आणि कायम कर्मचाऱ्यांत व विश्वस्तांत ते किती आहेत, हे चार प्रश्न अनुक्रमे चार पायऱ्या तपासतात. चारही उत्तरे संस्थेच्या हिशेबाच्या वह्या, दाखल नोंदी, बैठकांची इतिवृत्ते आणि हजेरीपटात सापडतात.